शांतव्वा चव सांगते

आमच्या शाळेत खिचडी शिजवणारी शांतव्वा दिवसभरात जेवढं बोलते तेवढं मी वर्गात बोलले असते, तर माझी निम्मी पोरं एव्हाना कलेक्टर झाली असती. फाटकातून आत शिरलं की आधी तिचा आवाज येतो, मग फोडणीचा वास, आणि सगळ्यात शेवटी ती स्वतः. माहेर संकेश्वरकडचं, सासर आमच्या शाळेच्या गावात. कळंब्याचा तलाव मागं टाकला की उसातून जाणारा रस्ता लागतो, त्या रस्त्यावरचं हे गाव. रागावली की ती कानडीत बोलते आणि माया आली की मराठीत. पोरांना कानडी येत नाही, त्यामुळे तिचा राग आजवर एकालाही लागलेला नाही.

पोरं तिला मावशी, काकू काही म्हणत नाहीत. नुसतं शांतव्वा (कानडीत अव्वा म्हणजे आई), आणि तेही अगं-तूगं. मला मात्र 'बाई' आणि 'अहो'. मी पूर्णिमा, सहावीला मराठी आणि इतिहास शिकवते, रोज कोल्हापुरातून स्कूटरवर येते. पहिली काही वर्षं त्या 'अहो'चा मला मान वाटायचा. नंतर शांतव्वाच्या 'अगं'चा हेवा वाटायला लागला. मी स्वभावानं तिखट आहे असं घरचे म्हणतात, आणि ते खरं आहे.

शांतव्वाचा नवरा लवकर गेला. एकुलती एक मुलगी लग्न होऊन निपाणीला. एकदा सुट्टीच्या दिवशी मी विसरलेल्या वह्या न्यायला आले, तर ती शाळेच्या पायरीवर बसलेली दिसली. मी विचारलं, "आज कशाला आलीस?" तर म्हणाली, "घरात कुणासंगं बोलू बाई? भिंतीसंगं? भिंत मधनं मधनं 'व्हय' तरी म्हणंल काय?"

तिच्या पंगतीचा एक कायदा होता. सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय कुणी घास उचलायचा नाही, आणि घरून कुणी लोणचं, ठेचा, शेंगांची चटणी आणली असेल तर ती ओळीनं सगळ्यांच्या ताटात फिरली पाहिजे. एकट्यानं खाणारं पोर दिसलं की ती पळी घेऊन त्याच्या डोक्यावर उभी राहायची. अशी वीस-बावीस वर्षं तिनं पोरांना वाटून खायला शिकवलं. आम्ही पाढे शिकवले, ते पोरं विसरली. तिचं शिकवलेलं कुणी विसरलं नाही, आणि पुढं सगळा घोळ त्यामुळंच झाला.

मग कोरोना आला. शाळा दीड वर्ष बंद. त्या काळात मी फोनवर इतिहास शिकवला. पोरं रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढून बसायची आणि मी अफजलखानापर्यंत पोचले की रेंज जायची. पुन्हा जोडणी व्हायची तेव्हा खान मेलेला असायचा. चूल बंद होती. पोषण आहाराचा कोरडा तांदूळ आणि डाळ पिशव्यांतून घरोघरी गेली, आणि शांतव्वा त्या पिशव्या भरून द्यायला येत राहिली.

दसऱ्याच्या आधी शाळा उघडली. पाचवी ते सातवीच. त्या पहिल्या सकाळी मला इतका आनंद झाला होता की मी गणिताच्या सरांनासुद्धा हसून नमस्कार केला. पण शाळा ओळखू येत नव्हती. एका बाकावर एक पोर. फाटकावर कपाळाला लावायची तापाची बंदूक. तिच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा तर आमची अर्धी शाळा केव्हाच गार पडलेली होती. प्रार्थना मास्कमधून, त्यामुळे कुठली चालू आहे ते शेवटपर्यंत कळायचं नाही. कबड्डीत शिवायला बंदी, म्हणून पोरांनी न शिवता कबड्डी सुरू केली. कोण बाद झालं हे भांडून ठरवायचं. भांडणात मास्क खाली यायचे, म्हणून मग तीही बंद झाली.

मधल्या सुट्टीसाठी मैदानात चुन्यानं गोल आखले होते. एका गोलात एक पोर, दोन गोलांत सहा फूट अंतर. घरून डबा आणायचा, आपल्या गोलात बसायचं, आपलंच खायचं. चूल अजून बंद होती. मग शांतव्वाचं काय करायचं? मुख्याध्यापक अमरसिंह सर, ज्यांना प्रत्येक गोष्टीला सूचना क्रमांक द्यायची सवय आहे, त्यांनी तिला सुट्टीत देखरेखीला बसवलं. कुणी कुणाच्या डब्यात हात घालायचा नाही, एवढंच तिनं बघायचं. म्हणजे मांजराला दुधावर नव्हे, गाईलाच दुधावर बसवलं होतं.

त्याच दिवशी शाळा समितीचे अध्यक्ष हंबीरराव आले. जुने पैलवान. कान मोडलेले, आवाज शाबूत. मैदानाच्या मधोमध उभे राहून त्यांनी जाहीर केलं, "ऐका! एक जरी पोरगं दुसऱ्याच्या डब्यात हात घालताना घावलं, तर जेवणाची सुट्टी बंद. अर्धा दिवस शाळा, आन घरला जाऊन जेवायचं. आन शांतव्वा, सुट्टी न्हाय तर तुजं बी काम न्हाय. पुढं खिचडी सुरू झाली तर बचत गट मागं लागलाय, त्यास्नी दिऊ."

शांतव्वा "बरं" म्हणाली. एका शब्दात. तिला एका शब्दात बोलताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

पहिले दोन दिवस पोरं गोलात बसली. तिसऱ्या दिवशी सातवीतला राजवीर कोपरांवर रांगत तीन गोल ओलांडून चालला होता, शिवांजलीच्या डब्यातल्या तळलेल्या बोंबलाकडे. म्हणजे शिवांजलीच्या शेजारणीच्या डब्यातल्या. शिवांजलीच्या घरी बोंबील शिजत नाहीत, पण वास तिच्याही गोलात पोचला होता आणि ती त्याला वाट दाखवत होती. शांतव्वानं त्याला पायाला धरून मागं ओढलं.

अमरसिंह सरांनी यावर उपाय काढला. सगळ्यांनी एकच पदार्थ आणायचा. सोमवारी बटाट्याची भाजी, मंगळवारी झुणका, बुधवारी मटकी, असं वेळापत्रक त्यांनी व्हॉट्सअॅपवर टाकलं. सूचना क्रमांक अकरा. सगळ्यांच्या डब्यात तेच असेल तर कोण कशाला दुसऱ्याच्या डब्यात डोकावेल? कागदावर हे अगदी बिनतोड होतं.

पण सर मूळचे नाशिककडचे. कोल्हापुरात एका गावात चाळीस घरं झुणका करतात तेव्हा चाळीस झुणके होतात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे झुणका महत्त्वाचा नसतो, त्यातली चटणी महत्त्वाची असते. वर्षाची कांदा-लसूण चटणी उन्हाळ्यात घरोघर होते. मिरची कुठली, खोबरं किती भाजायचं, लसूण कधी घालायचा, हे सासू सुनेलासुद्धा पहिल्या वर्षी सांगत नाही. त्यात त्या उन्हाळ्यात टाळेबंदीमुळं कांडपाची गिरणी बंद. प्रत्येकीनं घरच्या उखळात, जमेल तसं, जमेल तेवढं कुटलेलं. आधी पोरांना बोंबील आणि बटाटा यांतला फरक दिसत होता. आता सगळ्यांच्या डब्यात सारखाच लाल झुणका, आणि प्रत्येकाला एकच प्रश्न पडलेला: माझ्या आईचा भारी की ह्याच्या आईचा? हे खाल्ल्याशिवाय कसं कळणार? चोरून घास फिरायला लागले. कंपासपेटीतून बटाटा गेला. सॅनिटायझरच्या रिकाम्या बाटलीतून मटकीचा रस्सा गेला, तो मी स्वतः पकडला. रश्श्याला अजून सॅनिटायझरचा वास येत होता.

आता सुट्टी बंद होणार हे सगळ्यांना दिसत होतं. शांतव्वाला सगळ्यात आधी.

एका मंगळवारी राजवीर पुन्हा गोलाच्या बाहेर आला. समोर हंबीररावांची नात अनुजा, सहावीतली, झुणका-भाकरी खात बसलेली. हंबीरराव स्वतः फाटकापाशी कुणाशी तरी बोलत उभे. शांतव्वा धावली आणि राजवीरच्या पुढ्यात हात आडवे करून उभी राहिली.

"कुठं चाललास?"

"चव बघायला. नुसती बोटावर. सोड की."

"गोलात बस. मी सांगते कशी लागत्या. बस म्हणते न्हवं!"

तिनं अनुजाला वहीच्या कोऱ्या कागदावर चिमूटभर झुणका ठेवायला लावला. कागद उचलला, आम्हा सगळ्यांकडं पाठ केली, स्वयंपाकखोलीच्या कोपऱ्याशी गेली, पदर वर घेतला. थोड्या वेळानं मास्क नीट करत परत आली आणि मैदानाच्या मध्ये उभी राहिली. कुस्तीच्या फडात निवेदक उभा राहतो तशी.

"ऐका. रंग कुकवाचा. डोळं दिपत्यात. लसूण झकास, अगदी कुटताना बाजूला बसल्यागत वाटतंय. खोबरं मागनं येतंय, सावकाश, घाई न्हाय त्याला. सगळं चांगलं हाय. पर मीठ... मीठ म्हणतंय, मी बी हाय, मी बी हाय!"

पोरं खो खो हसली. अनुजासुद्धा. राजवीर गोलात मागं सरकला, डोळे मिटले, स्वतःच्या भाकरीचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाला, "आयला, लागतंय की!"

दुसऱ्या दिवशी मटकी. पोरं आधीच ओरडायला लागली, "शांतव्वा, आज राजवीरची सांग!" तिनं कागद घेतला, पाठ केली, परत आली.

"ही चटणी पहिल्यांदा काय बोलत न्हाय. वाटतंय, घरात कोण हाय का न्हाय? मग मागल्या दारानं लसूण येतोय. गपचिप बसतोय. आन मग मिरची येती पावण्यागत, बॅगा घेऊन, आठ दिस राहायच्या तयारीनं."

शिवांजलीच्या चटणीबद्दल ती म्हणाली, "खोबरं भाजताना हिच्या आईचं ध्यान फोनवर हुतं. इल्लूसं, जरासं करपलंय. पर त्या करपल्यानंच ग्वाड लागतंय, ते सांगू नका घरात."

घरात सांगू नका म्हटल्यावर पोरं घरात काय करतात, हे मास्तरकी न केलेल्यालाही ठाऊक असतं.

पण मधली सुट्टी वाचली. आता एकही पोर गोलाबाहेर जात नव्हतं. शांतव्वा मध्ये उभी राहून बोलायची आणि चाळीसेक पोरं आपापल्या गोलात डोळे मिटून, दुसऱ्याच्या घरची चव तोंडात घोळवत, आपल्याच घरचा डबा संपवायची. जे पोर डबा अर्धा परत न्यायचं, तेही पुसून खायला लागलं. मी माझा डबा घेऊन व्हरांड्यात बसू लागले. माझ्या घरची भेंडीसुद्धा मला बरी लागली, यावरून काय ते समजा. अमरसिंह सरांनी तालुक्याला अहवाल पाठवला की 'नावीन्यपूर्ण उपक्रमाद्वारे अंतर राखले जात आहे'. उपक्रम त्यांचाच असावा असं त्यातून वाटत होतं.

इकडं गावात मात्र आग लागली होती. राजवीरच्या आईला 'पावण्यागत मिरची' आवडली, ती ते नळावर सांगत सुटली. शिवांजलीच्या आईनं फोनचा राग धरला. आणि निशिगंधा, म्हणजे अनुजाची आई, हंबीररावांची सून, तिला दुकानात कुणीतरी विचारलं, "मिठाची पिशवी एकच? तुमास्नी पुरंल व्हय?"

निशिगंधा ही फटकळ, देखणी आणि हातानं भराभर काम उरकणारी बाई. तिनं त्याच संध्याकाळी समितीकडं तक्रार केली. मीठ हा शब्द तिनं तक्रारीत कुठंच येऊ दिला नाही. तिचं म्हणणं असं की स्वयंपाकीण रोज मास्क काढून पोरांच्या डब्यातलं उष्टं खाते, या डब्यातलं खाऊन त्या डब्याकडं जाते, आणि उद्या रोग पसरला तर जबाबदार कोण? तक्रार नियमाला धरून होती. म्हणूनच मला तिचा जास्त राग आला.

शनिवारी दुपारी मैदानात सभा भरली. अंतराचा नियम मोठ्यांनाही लागू, म्हणून सगळ्यांना पोरांच्या गोलांत उभं केलं. हंबीररावांचा एक पाय गोलात मावला. बायका आपापल्या पोरांच्या गोलात उभ्या होत्या. शांतव्वाला गोल नव्हता, ती मध्ये मोकळ्या जागेत उभी होती.

"शांतव्वा, सरळ सांग," हंबीररावांनी सुरुवात केली. "पोरांच्या डब्यातलं तू खातीस का न्हाय?"

"न्हाय खात."

"खोटं बोलू नको. सगळी पोरं सांगत्यात."

"पोरांस्नी तसं वाटलं. मी वाटू दिलं."

"मग चटणीचा कागद घिऊन कोपऱ्यात जातीस ते?"

"मागं कोंबड्या हाईत की. त्यास्नी टाकते."

मग निशिगंधा आपल्या गोलाच्या पार कडेला आली. "माझी चटणी कोंबड्या खात्यात?"

"आवडीनं खात्यात, अक्का," शांतव्वा म्हणाली. तिला खरोखर समजूत घालायची होती.

राजवीरची आई फिस्सकन हसली. हंबीररावांनी हात वर केला. "हसू नका! ही बाई खात न्हाय म्हणती. मग न खाताच चव सांगती? म्हंजे थापा मारती. पोरांस्नी थापा, आमास्नी थापा. शांतव्वा, खाऊन सांगायचं न्हाय तर गप बसायचं हुतं."

इथं शांतव्वानं काहीतरी फाडकन बोलायला हवं होतं. पदराचं टोक तिनं बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. अमरसिंह सर म्हणाले, "शांतव्वाबाई, खुलासा द्यावा लागेल. खाल्लं असेल तर नियमभंग, नसेल तर दिशाभूल. दोन्हींत..."

"खाऊन तरी काय सांगणार हुते, साहेब?" ती म्हणाली. "मला चवच लागत न्हाय."

सरांनी पेन कागदावरून उचललं.

"आखाडात ताप आलता मला. तवापासनं न्हाय. मीठ घातलं काय आन वाळू घातली काय, जिभंला सारखंच. वास बी न्हाय. दूध उतू गेलं तर डोळ्यानं दिसल्याबिगर कळत न्हाय. वाटलं, यील चार दिसांत. आली न्हाय. कुणाला सांगितलं न्हाय, मुलीला बी न्हाय. सांगितलं असतं तर तुमी म्हणला असता, हिला मीठ कळंना, ही पोरांची खिचडी कशी करंल? द्या बचत गटाला. आन मग मी त्या घरात बसून काय करू, सांगा की?"

रोज सकाळी आम्ही तिच्या कपाळाला बंदूक लावत होतो. आकडा वाचून 'जा आत' म्हणत होतो. जिभेचं कुणीच विचारलं नव्हतं. मला रडू आलं, आणि मास्कमुळं ते कुणाला दिसलं नाही. मास्कचा तेवढा एक फायदा मी मान्य करते.

निशिगंधाला मात्र अजून तिचं उत्तर मिळालेलं नव्हतं. ती जरा खालच्या आवाजात म्हणाली, "मग मीठ जास्त हाय हे कसं कळलं?"

"अनुजा जेवताना अख्खी बाटली पाणी पिती, अक्का. आन हळदीकुकवाच्या वक्ताला तुमी आमटीत मूठ भरून मीठ टाकल्यालं म्या बघिटलंय. बाकीच्यांचं बी तसंच. तुमच्या सगळ्यांच्या लग्नात, बारशात मी रांधलंय. कुणाचा हात कसा पडतोय ते ठावं हाय मला. त्यावरनं रचत हुते. पोरं गोलात बसावीत म्हणून."

"खरं हाय," हंबीरराव एकदम बोलले.

"काय खरं हाय?" निशिगंधानं विचारलं.

"मिठाचं. मी रोज खातोय की."

"आबा!"

"बोलायचं धाडस न्हवतं मला, पोरी. आज विषय निघाला म्हणून बोललो."

आता मात्र सगळं मैदान हसलं. शिवांजलीची आई तर डोळे पुसत होती, फोनचं विसरून. निशिगंधा लाल झाली. मला वाटलं, आता ही फाटकातून बाहेर पडणार आणि उद्या पुन्हा तक्रार. पण हंबीररावांनी तो प्रश्न विचारला, जो विचारू नये असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं.

"ते समदं ठीक. पर शांतव्वा, खिचडी सुरू झाली की तू करणार कशी? मीठ कोण बघणार?"

"हाताला म्हाईत हाय, दाजी. पर..." ती थांबली. "पर भ्या वाटतंय. खोटं कशाला बोलू."

हंबीरराव अमरसिंह सरांकडं बघू लागले, सर सूचनांच्या कागदाकडं. त्या कागदात यावर काही नव्हतं. मी बोलणार होते. काय बोलणार होते ते मला अजून ठाऊक नाही, पण तेवढ्यात निशिगंधा बोलली.

"मी येते."

"कुठं?"

"चव बघायला. रोज. माझा हात खारट हाय म्हणता न्हवं सगळी? मग जीभ तरी शाबूत हाय का न्हाय ते गावाला कळू द्या."

हे तिनं इतक्या रागानं म्हटलं की ती मदत करते आहे हे समजायला आम्हाला वेळ लागला. हंबीररावांनी सुनेला एकदा आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "लिवून घ्या, सर." सरांनी लिहिलं. सूचना क्रमांक चौदा. जेवणाची सुट्टी राहिली, शांतव्वा राहिली, आणि चव सांगायचं कामही सुरू राहिलं, कारण सोमवारी पोरांनी तिला दुसरं काही करूच दिलं नाही. थापा आहेत हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. त्यांचं ऐकणं काही कमी झालं नाही.

उन्हाळा तोंडावर असताना चूल पेटवायची परवानगी आली. त्या सकाळी शांतव्वा उजाडायच्या आत येऊन भांडी घासत बसली होती म्हणे. मी पोचले तेव्हा तांदूळ धुऊन झाले होते, फोडणी पडत होती, आणि निशिगंधा पदर खोचून दाराशी उभी होती. शांतव्वानं मोहरी कानानं ओळखली, हळद डोळ्यानं. मीठ घालताना मात्र तिचा हात डब्यावर थांबला. तिनं निशिगंधाकडं बघितलं. निशिगंधानं बशीत घेतलं, फुंकलं, चाखलं, कपाळाला आठ्या घातल्या. "घाला अजून."

"किती?"

"इल्लूसं," निशिगंधा म्हणाली. शांतव्वाचा शब्द तिच्या तोंडी कधी आला ते तिलाही कळलं नाही.

असं तीनदा झालं. मी खिडकीतून बघत होते. पोरांना वाढलं. वरून, पळीनं, अंतरानं. सगळ्यांचं वाढून होईपर्यंत कुणी घास उचलला नाही. मग पोरं जेवायला लागली आणि सगळं मैदान चिडीचूप झालं. शांतव्वा घाबरून निशिगंधाकडं बघू लागली. तेवढ्यात राजवीरनं ताट वर केलं आणि ओरडला, "वाढ की, बघत काय बसलीस!"

पोरांचं उरकल्यावर त्या दोघी व्हरांड्यात ताटं घेऊन बसल्या. मधे अंतर ठेवून, समोरासमोर. मी माझं ताट घेऊन जरा पलीकडं. शांतव्वानं मास्क खाली केला. महिनोनमहिने मी तिचं तोंड पाहिलं नव्हतं. गालफडं बसली होती. तिनं एक घास घेतला, बराच वेळ चावला, गिळला. मग निशिगंधाला म्हणाली, "सांग की. कशी लागत्या?"

निशिगंधानं घास घेतला. "चांगली लागत्या."

"चांगली म्हंजे?"

"म्हंजे... खिचडीगत लागत्या की."

"असं सांगत्यात व्हय?" शांतव्वा डाफरली. "अशी सांगितली असती तर पोरं गोलातनं उठून पळाली असती. नीट सांग. पहिल्यांदा काय येतंय?"

निशिगंधानं दुसरा घास घेतला. डोळे मिटले. फटकळ बाई, पण शब्द सापडेनात म्हणून तिचे कान लाल झाले होते.

"पहिल्यांदा... तूप. न्हाय, थांबा. पहिल्यांदा गरम."

"हां. मग?"

"मग डाळ. मऊ. मग हिंग, लई न्हाय. आन मीठ..."

शांतव्वाचा हात ताटातच थांबला.

"मीठ हाय, अव्वा," निशिगंधा म्हणाली. "जागच्या जागी हाय."

शांतव्वानं मान डोलावली आणि जेवायला सुरुवात केली. एक घास, मग दुसरा. मधेच थांबून म्हणाली, "पुढं बोल की, मी जेवतेय न्हवं."

निशिगंधा बोलत राहिली.